क्षीरव्रताचा महिना आणि सोयाबीनचे पनीर

भाद्रपद शुद्ध द्वादशीस, म्हणजे वामनद्वादशीच्या दिवशी, चातुर्मासातील दधिव्रत समाप्त होते आणि क्षीरव्रतास आरंभ होतो. पंचांगात त्या दिवसापुढे हे दोन शब्द बारीक टाइपात छापलेले असतात. परंतु गणेशोत्सवाच्या धामधुमीत त्यांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ज्या घरांतून चातुर्मासाचे नियम अद्याप पाळले जातात, तेथे मात्र त्या दिवसापासून आश्विन शुद्ध एकादशीपर्यंत दूध वर्ज्य असते. पहिल्या महिन्यात पालेभाजी, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात द्विदल धान्य, असा हा त्यागाचा क्रम आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ साली काशीत पुरा केलेला 'निर्णयसिंधु' आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास रचलेला 'धर्मसिंधु' या दोन्ही ग्रंथांतून या व्रतांचा विचार आला आहे. आपल्याकडील निर्णय बहुधा दुसऱ्या ग्रंथावरून दिले जातात.

बागलाणात, मोसम नदीच्या काठी असलेल्या नामपुरास आणि त्याच्या आसपासच्या गावांना भाद्रपदात कीर्तनसेवेसाठी जाणे झाले, म्हणजे आरती आटोपल्यावर माता-भगिनी शास्त्रार्थ विचारण्यास येतात. दूध सोडले तर चहा कोरा घ्यावा काय, दधिव्रत संपले म्हणून दही आता चालेल काय, असे ते प्रश्न असतात. दही-ताकाच्या बाबतीत घरोघर रीत निराळी आहे. दधिव्रत संपताच ते पुन्हा ताटात घेणारी घरे पुष्कळ आहेत, आणि दुधापासून झालेले सर्वच पदार्थ महिनाभर दूर ठेवणारीही आहेत. आपल्या घरची रीत असेल ती पाळावी. खीर, बासुंदी, खवा यांबद्दल मात्र दुमत नाही. अलीकडे दूध सोडल्याचे सांगून पनीराची भाजी खाणारी व्रतस्थ मंडळीही आढळतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. दूध फाडले म्हणून त्याचे दूधपण जाते, हा युक्तिवाद कोणत्याही शास्त्रकारास सुचलेला नाही.

या सर्व प्रश्नोत्तरांत एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे. दूध सोडलेल्या त्या माउलीच्या ताटात मग राहते काय? व्रत करणारी बहुधा घरातील वडीलधारी स्त्री असते. कांदा-लसूण तिने आषाढातील कांदेनवमीलाच सोडलेला असतो. आणि हे नामपुरात, जेथे बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात! सकाळी पेलाभर दूध हाच तिचा काय तो पौष्टिक आधार. तोही गेला की उरते भाकरी, पातळ वरण आणि उपवासाच्या दिवशी साबूदाणा. प्रौढ माणसास शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे २०२० चे मानक आहे. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीला म्हणजे दिवसाकाठी एकेचाळीस-बेचाळीस ग्रॅम. पेलाभर दुधातून त्यांतील सहा-सात ग्रॅम मिळत होती. ती भरून काढल्यावाचून महिना काढणे म्हणजे व्रत नव्हे, ती आबाळ होय. गुडघे धरून जिना चढणाऱ्या सासूबाईंना पाहून सुनेला जे वाटते, ते मी येथे लिहीत आहे इतकेच.

ही उणीव भरून काढणारा एक पदार्थ चीन आणि जपान या देशांत शतकानुशतके चालत आलेला आहे. त्यास टोफू म्हणतात. आपल्याकडे त्याचे 'सोयाबीनचे पनीर' हे नाव रूढ झाले आहे. सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून त्याचे दूध काढावयाचे आणि ते आंबट घालून फाडावयाचे, की झाला टोफू. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील लिऊ आन नावाच्या राजपुत्राने तो शोधला, अशी चिनी दंतकथा आहे. जपानातील बौद्ध भिक्षूंच्या सात्त्विक भोजनात त्याला मानाचे स्थान मिळाले, आणि १७८२ साली ओसाका येथे टोफूच्या शंभर पाककृतींचे एक पुस्तकच प्रसिद्ध झाले. आज दूध, दही, तूप, मध यांपैकी प्राण्यापासून मिळणारे काहीच न खाणारी जी 'वीगन' मंडळी जगभर आहेत, त्यांचाही हा मोठा आधार आहे. हा शब्द इंग्लंडात १९४४ साली निघाला. त्यांचे व्रत बारमाही, आपले एका महिन्याचे. परंतु त्या महिन्यापुरता स्वयंपाकघरातील प्रश्न दोघांचाही एकच.

परके आहे म्हणून काय झाले?

सोयाबीन परके, ते आपल्या चुलीवर कशाला, अशी शंका जुन्या वळणाच्या घरांतून निघते. तिचा मी उपहास करणार नाही. परंतु उपवासाच्या ताटाकडे जरा निरखून पाहावे. बटाटा, रताळे, मिरची, शेंगदाणा आणि ज्या कंदापासून आपला साबूदाणा होतो तो टॅपिओका, हे सर्व अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेले आहेत. शेंगदाणा तर सरळसरळ द्विदल. सोलून पाहिला तर दोन पाकळ्या हातात येतात. तरीही एकादशीस त्याचा कूट घातल्यावाचून आपली खिचडी होत नाही. ज्यांना आपल्या आजी-पणजींनी उपवासालाही घरात घेतले, त्यांच्या मानाने सोयाबीन काही फार दूरचा पाहुणा नव्हे. कुमाऊँच्या डोंगरात 'भट' या नावाने काळे सोयाबीन जुन्या काळापासून पिकते आणि खाल्ले जाते.

आणि बागलाणातील लोकांनी तर या धान्याला परके मुळीच म्हणू नये. मालेगाव तालुक्यातील कौळाणे गाव नामपूरकरांना शेजारचेच. तेथील गोपाळराव या शेतकऱ्याच्या मुलाला १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक घेण्यात आले. तेच सयाजीराव महाराज गायकवाड. त्यांच्या संस्थानात अन्नाच्या पाहणीचे एक स्वतंत्र खाते होते आणि त्याचे अधिकारी एफ. एस. काळे यांनी १९३६ साली सोयाबीनवर एक मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. लागवड आणि पोषणमूल्य यांबरोबर पाककृतींनाही त्यात भरपूर जागा दिलेली आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९३५ मध्ये, वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आश्रमीयांच्या जेवणात सोयाबीन आणले आणि 'हरिजन' पत्रातून त्यावर लिहिले. गांधीजींना हा प्रश्न जिव्हाळ्याचा होता. त्यांनी १९१२ साली दूध सोडले. पुढे मोठ्या दुखण्यात प्रकृती सावरेना, तेव्हा १९१९ मध्ये शेळीचे दूध घेणे त्यांना भाग पडले, आणि त्याची खंत त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे. वनस्पतीतून दुधाची उणीव भरून निघेल काय, हा शोध त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. साधा भात-वरण खाणाऱ्या माणसापेक्षा दूध सोडलेल्या माणसालाच सोयाबीनचे मोल अधिक कळते, असे म्हणावयास हरकत नाही.

आज महाराष्ट्र हा सोयाबीन पिकविणाऱ्या देशातील दोन प्रमुख राज्यांपैकी एक आहे. दुसरे मध्य प्रदेश. आपल्या शेतातील बहुतेक माल तेलाच्या घाण्याकडे जातो आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्याला. ज्याच्या शेतात पिकते, त्याच्या घरात ते शिजत नाही.

आमिक्षा

संस्कृताच्या अभ्यासकाला या पदार्थात एक ओळखीची गोष्ट दिसते. श्रौत यज्ञांत 'चातुर्मास्य' नावाचे याग आहेत. आपल्या चातुर्मासाच्या व्रतांशी त्यांचे नामसाम्य आहे, विधी निराळे. त्यांतील पहिल्या वैश्वदेव पर्वात तापलेल्या दुधात दही घालतात. दूध फाटून घट्ट भाग वेगळा होतो, ती 'आमिक्षा'. ती विश्वेदेवांना अर्पण करावयाची. जे पाणी मागे राहते ते 'वाजिन'. ते वाजी नामक देवतांना. मीमांसकांनी यावर मोठा ऊहापोह केला आहे. दही घालावयाचे ते आमिक्षेसाठी की वाजिनासाठी? निर्णय असा, की हेतू आमिक्षेचा. वाजिन हे ओघाने होणारे. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'तही दूध आंबट घालून फाडण्याची आणि त्या चोथ्याचे तळून पाकात टाकावयाचे पक्वान्न करण्याची रीत आली आहे. दूध नासणे अशुभ, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे खरी. परंतु हेतुपुरस्सर दूध फाडणे हे आपल्या परंपरेला अपरिचित नव्हते. मग डाळीच्या दुधाला तर तो दोषही लागत नाही.

पूर्वरंग पुष्कळ झाला. आता चुलीकडे वळू.

दूध काढणे आणि फाडणे

पाव किलो सोयाबीन घ्यावे. शेतकरी घरांसाठी येथे एक इशारा आवश्यक आहे: पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतील बियाणे चुकूनही वापरू नये. त्याला बुरशीनाशक चोळलेले असते आणि ते विषारी आहे; धुऊन जात नाही. खाण्यासाठी राखलेले किंवा किराणा दुकानातील धान्यच घ्यावे.

ते निवडून, धुऊन, भरपूर पाण्यात रात्रभर भिजत घालावे. आठ-दहा तासांत दाणा दुपटीहून अधिक फुगतो. सकाळी हाताने चोळून सालपटे काढून टाकावीत. सर्वच निघाली पाहिजेत असा हट्ट नको. मग वाटावे, परंतु गार पाण्यात नव्हे, कढत पाण्यात. सोयाबीनला जो उग्र, कच्च्या शेंगेसारखा वास येतो म्हणून घरातील पुरुषमंडळी नाके मुरडतात, तो दाण्यात मुळी नसतो. दाणा फुटून पाणी आणि हवा लागली की त्यातील एक द्रव्य तेलावर क्रिया करते आणि वास उत्पन्न होतो. कढत पाण्याने ती क्रिया तेथल्या तेथे थांबते. ही एवढी एक गोष्ट सांभाळली तर निम्मी तक्रार मिटते. मिक्सरमध्ये थोडे थोडे वाटावे, भांडे निम्म्यावर भरू नये, झाकणावर फडके धरावे. कढत पाण्याची वाफ झाकण उडवते.

एकंदर दोन लिटर पाणी वापरून हे वाटण मलमलच्या किंवा धुतलेल्या पंचाच्या फडक्यातून पिळून गाळावे. चोथा बाजूला ठेवावा. दूध जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवून ढवळत राहावे. हे दूध गाईच्या दुधापेक्षाही लबाड आहे. फेस एकाएकी वर येतो आणि तो फेस म्हणजे शिजणे नव्हे. आच मंद करून त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे ते खरोखर उकळले पाहिजे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारा एक अंश असतो, तो उष्णतेनेच निष्प्रभ होतो. अर्धवट उकळलेले दूध पोटाला त्रास देते आणि मग दोष बिचाऱ्या धान्याला लागतो.

दूध खाली उतरवून पाचेक मिनिटे थांबावे. तीन रसदार लिंबांचा रस, म्हणजे चार-पाच मोठे चमचे, कपभर कोमट पाण्यात मिसळून ठेवावा आणि तीन वेळा विभागून घालावा. प्रत्येक वेळी पळी एक-दोनदाच, अलगद फिरवावी. येथे घाई करून घुसळले तर कण बारीक होतात आणि घट्ट गोळा होत नाही. झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे. वर पांढरे मऊ ढग आणि त्यांखाली स्वच्छ पिवळसर पाणी दिसले, म्हणजे काम झाले. पाणी अजून दुधाळ असेल तर आणखी चमचाभर रस घालावा.

लिंबाऐवजी जिप्समने फाडलेल्या टोफूत कॅल्शियम पुष्कळ असते. लिंबाच्या टोफूत ते कमी. दूध सोडलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. परंतु त्यासाठी खाण्यायोग्य म्हणून विकले जाणारे शुद्ध जिप्समच लागते. शेतात टाकण्यासाठी आणलेल्या गोणीतील जिप्सम स्वयंपाकघरात आणू नये. ते न मिळाल्यास लिंबच बरे. आणि कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी आपल्या घरात आहेतच.

फडके घातलेल्या चाळणीत हे सारे अलगद ओतावे, फडक्याची टोके वर दुमडावीत, त्यावर ताटली आणि ताटलीवर वरवंटा. वरवंटे आता कित्येक घरांत या एकाच कामाला उरले आहेत! अर्ध्या-पाऊण तासात वडी घट्ट होते. पाव किलो सोयाबीनमधून साधारण चारशे ग्रॅम टोफू मिळतो, आणि शंभर ग्रॅममध्ये दहा-बारा ग्रॅम प्रथिने असतात. व्रतस्थ स्त्रीचा पेलाभर दुधाचा हिशेब येथे सव्याज चुकता होतो.

कुरकुरीत भाजणे

टोफू तसाच ताटात वाढला तर पहिल्या घासालाच घरात नापसंतीचा सूर उमटेल, हे मी आधीच सांगून ठेवतो. तो मऊ असतो, बेचव असतो आणि जिभेला त्यात धरण्यासारखे काही सापडत नाही. लहान मुले आणि म्हातारी माणसे, दोघांचेही मन वळवावयाचे तर तो बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ असा भाजला पाहिजे. तळूनही होतो; परंतु तळलेले रोज नको, आणि तेलही फार पिते.

भाजण्याचे सारे मर्म एका गोष्टीत आहे: पाणी. जोवर तुकड्याच्या पृष्ठभागावर ओल आहे, तोवर तेथील उष्णता पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जात नाही, आणि तोवर खमंगपणा नाही की तांबूस रंग नाही. आत मात्र थोडी ओल राहिली पाहिजे, नाहीतर त्याचे चामडे होते. म्हणून वडी फडक्यात गुंडाळून वजनाखाली पुन्हा अर्धा तास ठेवावी. मग सुरीने चौकोनी कापण्यापेक्षा हाताने सुपारीएवढे तुकडे तोडावेत. तोडलेल्या तुकड्याला खडबडीत कडा येतात आणि त्या कडाच आधी कुरकुरीत होतात. हे तुकडे मीठ घातलेल्या कढत पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावेत. ओल घालविण्यासाठी पुन्हा पाण्यात बुडवावयाचे, हे विचित्र वाटेल. परंतु कढत खारे पाणी तुकड्याच्या वरच्या थरातील ओल बाहेर काढते आणि मीठही लागते. नंतर ते निथळून, फडक्यावर पसरून, कोरडे टिपून घ्यावेत.

जपानातील कोया पर्वतावरील मठांच्या नावाने ओळखली जाणारी एक रीत याहून निराळी आहे. तेथे कडाक्याच्या थंडीत टोफू गोठवून मग सुकवीत. आपल्याला त्यातील पहिली पायरी पुरेशी आहे. शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात वडी रात्रभर ठेवावी, सकाळी पूर्ण वितळू द्यावी आणि दोन तळव्यांत दाबून पिळावी. स्पंजासारखे पाणी निघते, आणि राहिलेल्या जाळीत मसाला छान मुरतो. ज्या घरात चावण्याजोगे काही हवे अशी तरुण मंडळी आहेत, तेथे ही रीत अधिक आवडेल.

मसाल्यात कांदा-लसूण नाही, याचे वाईट वाटून घेऊ नये. अर्धा चमचा हिंग, चमचाभर जिरेपूड, भरडलेले मिरे, हळद, तिखट, किसलेले आले आणि मोठा चमचाभर तेल एकत्र करून तुकड्यांना हलक्या हाताने चोळावे. मग दोन मोठे चमचे तांदळाची पिठी किंवा मक्याचे पांढरे पीठ वरून भुरभुरवून पातेले हलवावे, म्हणजे प्रत्येक तुकड्यावर पातळ थर बसेल. हे पीठ उरलीसुरली ओल शोषते आणि वाळून त्याचे कवच होते. पीठ शेवटी घालावे. आधी घातले तर चिकट लगदा होतो. भाजण्यापूर्वी चमचाभर तीळ टाकले तर शोभाही येते.

विजेची भट्टी असल्यास ती दोनशे अंश सेल्सिअसवर आधी तापवून, तुकडे एकमेकांना न चिकटता पसरून पंचवीस ते तीस मिनिटे भाजावेत. मध्ये एकदा उलटावेत. दाटीवाटीने मांडले तर ते एकमेकांच्या वाफेत शिजतात. दिवाळीत नानकटाईचे डबे घेऊन बेकरीत जाण्याची पद्धत आपल्याकडे होती, तशी हे तुकडेही पाठवावेत असे कोणी सुचवील. पण जेथे अंड्याचे पदार्थ भाजले जातात तेथे व्रताचे अन्न पाठविणे बहुतेकांना रुचणार नाही, आणि त्याची गरजही नाही. जाड बुडाच्या कढईत बोटभर जाड मीठ पसरावे, त्यावर कडे ठेवावे, झाकण घालून पंधरा मिनिटे तापू द्यावे. मग तेलाचा हात लावलेल्या ताटलीत तुकडे मांडून आत ठेवावेत आणि पस्तीस-चाळीस मिनिटे भाजावेत. झाकण किंचित तिरके ठेवून वाफेला वाट द्यावी. झाकण घट्ट बसविले तर ते भाजणे नव्हे, ती इडली झाली. ज्यांच्याकडे अद्याप चूल पेटते त्यांना खाली-वर निखारे ठेवून भाजण्याची रीत शिकवावयास नको.

खाली उतरविल्यावर पाच मिनिटे उघडे ठेवावेत. कुरकुरीतपणा निवताना पुरा होतो. आमटीत किंवा रश्शात घालावयाचे असतील तर ताट वाढताना शेवटी घालावेत, आधी नव्हे. बाजरीची किंवा दादरची भाकरी, शेंगदाण्याच्या कुटाची आमटी आणि वर हे तुकडे, एवढ्यात एका माणसाचे जेवण होते. क्षीरव्रताच्या महिन्यात शाकव्रत कधीच संपलेले असते, तेव्हा पालकाची पातळ भाजीही चालते. बागलाणात डाळिंबाची वाण नाही. वाटीभर दाण्यांचा रस गुळाच्या खड्याबरोबर आटवून दाट करावा आणि गरम तुकड्यांवरून फिरवावा. ही युक्ती कोणत्याही पोथीत नाही, पण मुलांना फार आवडते.

राहिलेला चोथा टाकू नये. त्यात भाजणी, ओवा, तिखट-मीठ घालून उत्तम थालीपीठ होते. मात्र तो कच्चा असतो, म्हणून चांगला खरपूस भाजावा. मीमांसकांनी वाजिनाला गौण ठरविले तरी गृहिणीने त्या आंबटसर पाण्यात कणीक भिजवावी किंवा ते आमटीत घालावे. टोफूची न भाजलेली वडी शीतकपाटात गार पाण्यात बुडवून, पाणी रोज बदलून चार-पाच दिवस टिकते.

केव्हा करू नये

एकादशीस टोफू चालत नाही. ते द्विदल धान्यच आहे. नवरात्राचे उपवास करणाऱ्यांनीही घेऊ नये. पितृपक्षात श्राद्धाच्या दिवशीचा स्वयंपाक परंपरेने ठरलेला आहे, त्यात याला जागा नाही आणि ती करण्याची खटपटही नको. देवाच्या नैवेद्याला ठेवावे की नाही, हे घरातील वडिलांनी ठरवावे. मला व्यक्तिशः त्यात दोष दिसत नाही. ज्यांना थायरॉइडची गोळी चालू आहे त्यांनी गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे आणि वैद्यांना विचारावे. क्वचित एखाद्याला सोयाबीन सोसत नाही; प्रथम थोडे खाऊन पाहावे. आणि जे महिन्याऐवजी वर्षानुवर्षे दूध सोडतात, त्यांनी हे ध्यानी घ्यावे की बी-१२ हे जीवनसत्त्व टोफूत नसते. त्याची सोय निराळी करावी लागते.

असे सर्व दिवस वजा केले तर व्रतस्थ स्त्रीच्या हाती जेमतेम पंधरा-वीस दिवस राहतात. शेवटचा दिवस विजयादशमीचा. दुसऱ्या दिवशी एकादशी, आणि द्वादशीपासून द्विदलव्रत. गंमत अशी, की शेतातील नवे सोयाबीन नेमके याच सुमारास मळणी होऊन घरी येते. तोवर दुधाची बंदी उठलेली असते. कोजागरीला मुल्हेरच्या उद्धव महाराजांच्या समाधिस्थानी रासक्रीडेस जाणाऱ्या मंडळींना आटीव दूध खुशाल घेता येते. आणि नव्या सोयाबीनचा डबा मात्र कार्तिक शुद्ध द्वादशीपर्यंत बंद. तो उन्हात वाळवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा. ओल राहिली तर त्याला लवकर बुरशी धरते.